दमट साहेब

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्याकडे माझ्या डोक्यावरचा एक केस मागितला.

गंगाखेडच्या एका छोट्या संग्रहालयात मी तेव्हा नुकतीच अभिरक्षक म्हणून रुजू झाले होते. अभिरक्षक हा शब्द फार मोठा आहे. प्रत्यक्षात काम म्हणजे कुलपं उघडायची, नोंदवही लिहायची आणि शाळेची सहल आली की वीरगळांवर बसू नका म्हणून ओरडायचं. तर मी टेबलाशी बसले होते आणि पांढरा सदरा, कॅनव्हासचे बूट, खांद्याला कातडी पिशवी अशा वेशातला एक सत्तरीचा माणूस समोर येऊन उभा राहिला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझ्या वेणीकडे बघत म्हणाला, "लांब हाय. तेल लावतीस का?"

"आपण कोण?" मी विचारलं.

"उद्या बिनतेलाचा, धुतलेला एक केस आण. बायकोचे आता विरळ झालेत. मागितला की भांडती."

मग त्यांनी पिशवीतून एक लाकडी डबी काढली. आत दोन खिळ्यांमध्ये एक केस ताणून बांधलेला आणि त्याला एक काटा अडकवलेला. हवा दमट झाली की माणसाचा केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि काटा हलतो, असं ते यंत्र. बाजारात बोटाएवढी इलेक्ट्रॉनिक यंत्रं मिळतात, आणि तीही चार-पाच त्यांच्या पिशवीत होतीच. पण साहेबांचा त्या यंत्रांवर विश्वास नव्हता. "यंत्र खोटं बोलतंय. केस कशाला खोटं बोलंल?" असं म्हणून ते माझ्या ऑफिसातल्या भिंतींचा वास घेत फिरू लागले. खरंच नाक टेकवून. शेवटी माझ्या खुर्चीमागच्या कोपऱ्यात थांबले आणि एखाद्याच्या घरी दुःखद बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "दमट."

हा शब्द ते दिवसातून इतक्या वेळा उच्चारत की आमच्या झाडलोट करणाऱ्या गयाबाईंनी आठवड्यात त्यांचं बारसं करून टाकलं. दमट साहेब. त्यांचं खरं नाव संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेच्या कागदांवर आहे, पण ते कोणी वापरल्याचं मला आठवत नाही.

साहेब मूळचे राणीसावरगावचे. सगळी नोकरी येलदरीच्या धरणावर, वीज तयार करण्याच्या कामात गेली आणि निवृत्तीनंतर परभणीत घर बांधलं. ज्या माणसानं उभी हयात वीज तयार केली, तो आता जगाला वीज वापरू नका म्हणून सांगत फिरत होता. बहुतेक निवृत्त माणसं देवाकडे वळतात. हे आर्द्रतेकडे वळले. परदेशातली संग्रहालयं आपल्या वस्तू ठेवायला कमी विजेवर चालणारी गोदामं कशी बांधतात, यावरची पुस्तकं मागवून त्यांनी ती पेन्सिलीनं खुणा करून पार काळी केली होती आणि असं एक गोदाम मरायच्या आधी स्वतः बांधायचं त्यांनी ठरवलं होतं. फक्त कोणी बांधून घेणारा भेटत नव्हता. शेवटी आम्ही भेटलो.

आम्हाला गरजही होतीच. संग्रहालय म्हणजे समोरच्या दोन खोल्या. खरा संग्रह मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंबलेला. एका जुन्या शिवभक्त व्यापारी घराण्यानं आपल्या पिढीजात पोथ्या लाल बासनात बांधून आमच्या स्वाधीन केल्या होत्या. शिवाय जुनी लुगडी, लाकडी सोंगं, धान्याची मापं, ढाली. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली पापड भाजले असते आणि पावसाळ्यात आळंबी उगवली असती. गोदावरीचा काठ जवळ, त्यामुळे पावसाळा आमच्याकडे जरा जास्तच मुक्कामाला असतो. कसर, वाळवी आणि पाली यांचाच तो संग्रह होता, आम्ही फक्त भाडेकरू.

साहेबांनी ती शेड बघितली, एक पोथी उघडली, मिटली आणि मला विचारलं, "तुला झोप लागती का गं रात्री?"

मला अगदी छान लागायची. पण तसं सांगायची सोय नव्हती.

संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते कापडाचे व्यापारी आणि एका मंगल कार्यालयाचे मालक. माणूस मनानं वाईट नाही, पण सौंदर्याची त्यांची सगळी कल्पना त्या मंगल कार्यालयातून आलेली. नवं गोदाम बांधायचं म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं काचेचा दर्शनी भाग, दोन सोनेरी खांब आणि छताला झुंबर उभं राहिलं. साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. दादांनी तो आधी सरळ, मग उलटा करून बघितला.

"साहेब, खिडक्या राहिल्यात काढायच्या."

"राहिल्या न्हाईत. न्हाईतच."

"एकबी न्हाई?"

"पोथ्यांना बाहेर काय बघायचंय?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं. साहेब मात्र आता सुटले होते. भिंती चांगल्या हातभर जाडीच्या, त्या दुहेरी. वर दोन छतं, मधून वारा खेळता, म्हणजे वरचं छत तापलं तरी खालच्याला पत्ता लागणार नाही. आतून पांढऱ्या मातीचा जाड गिलावा, आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना असायचा तसा. हवेत ओल वाढली तर ती माती पिऊन घेणार, कमी झाली तर परत देणार. खाली काळी माती काढून मुरमापर्यंत जायचं आणि फरशी थेट त्यावर टेकवायची, कारण जमीन पोटात बाराही महिने जवळपास एकसारखी असते. पाणी वर येऊ नये म्हणून फक्त एक प्लास्टिकचा थर. एकामागे एक अशी दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. छतावर चार सौर पट्ट्या आणि आत हवा सुकवायचं एक छोटं यंत्र, तेही फक्त पावसाळ्यातल्या अगदीच वाईट दिवसांसाठी.

"आन एसी?" दादांनी विचारलं.

"कशाला?"

"गार नको का ठिवायला?"

"दादा, पोथीला गरमी मारत न्हाई. दमट मारतं. आन सकाळी एक, संध्याकाळी दुसरं अशी हवा मारती. माझं घर गार हुईल तर हळूहळू, तापंल तर हळूहळू. पोथीला कळायच्या आत ऋतू बदलून जाईल."

"पण पाव्हणं आले, मंत्री आले, तर त्यांना घाम नाही का येणार?"

"पाव्हण्यांना आत सोडतंय कोण?" साहेब म्हणाले.

तिथेच ती बैठक संपली असती, पण दादांना एवढंच समजलं की खिडक्या नाहीत, काचा नाहीत, एसी नाही, म्हणजे काम लवकर होईल. त्यांनी होकार दिला.

बांधकाम खाजामियाँ मिस्त्रींकडे होतं. गंगाखेडातले जुने, चुन्यामातीचं काम येणारे मोजके राहिलेत, त्यातले ते एक. पहिले काही दिवस त्यांनी साहेबांना सहन केलं. मग दोघांची रोज जुंपू लागली. साहेब प्रत्येक सांध्यात दाढीचं पातं घालून बघायचे. पातं आत गेलं की तो भाग पाडायचा. एका वायरीसाठी बोटाएवढं भोक पाडलं म्हणून त्यांनी खाजामियाँना सगळ्या मजुरांसमोर विचारलं, "तुमच्या होडीला भोक पाडाल का?"

"साब, मेरे कने होडी है नै," खाजामियाँ शांतपणे म्हणाले. "लेकिन मेरे कू एक बात सच बोलो. ये घर है के कबर?"

"कबरीतली हाडं टिकतात का न्हाई?"

खाजामियाँनी थोडा विचार केला. "टिकतीं."

"मग बांदा."

माणसांबद्दल त्यांचं मत तर फारच वाईट. माणूस म्हणजे चालती चूल, असं ते म्हणायचे. उष्णता सोडतो, वाफ सोडतो, धूळ आणतो, आणि वर प्रश्न विचारतो. आतला गिलावा वाळायला लागल्यावर त्यांनी दारावर नियमांचा कागद चिकटवला. चहा पिऊन लगेच आत यायचं नाही. ओले केस, ओली छत्री, ओल्या चपला नाहीत. आत गप्पा नाहीत, कारण बोलताना वाफ जास्त निघते. खोकला असेल त्याने बाहेर थांबावं. एकदा मला शिंक आली तर त्यांनी आधी केसाच्या डबीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

अगरबत्तीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इमारत पुरी झाल्यावर कुठून हवा आत शिरते का हे तपासायचं होतं. त्यासाठी साहेबांनी दारं लावून, हातात पेटती अगरबत्ती धरून, भिंतीच्या कडेकडेनं एकेक पाऊल टाकत फिरायला सुरुवात केली. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा वळला तर तिथे फट आहे. फट सापडली की तिथे खडूनं गोल करायचा. चार दिवस हे चाललं. सकाळ-संध्याकाळ. तोंडानं काही पुटपुटत. ते आकडे पुटपुटत होते, पण दाराच्या फटीतून बघणाऱ्याला काय कळणार? खिडकी नसलेली खोली, मातीच्या भिंती, आत धूप आणि एक पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा. गयाबाईंनी पहिल्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं. तिसऱ्या दिवशी चार बाया नारळ घेऊन हजर.

"म्हाराज कवा भेटत्यात?" त्यातल्या एकीनं मला विचारलं.

साहेब नेमके तेव्हाच बाहेर आले. नारळ बघून त्यांचे डोळे विस्फारले. मला वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, "नारळ इथं फोडू नका. पाणी सांडंल."

बायांना हा आदेश इतका गूढ वाटला की त्यांनी नारळ तसेच दारात ठेवून पायरीला हात लावून नमस्कार केला. सगळ्या भिंतींत मिळून सतरा फटी निघाल्या. खाजामियाँनी त्या बुजवल्या आणि नारळ घरी नेले.

उद्घाटन मे महिन्यात ठेवलं. पोथ्या आत लावून झाल्या होत्या, पेट्यांवर नावं टाकून झाली होती. दादांनी मोठे पाहुणे बोलावले. समारंभाचं दीपप्रज्वलन गोदामाच्या आत करायचं ठरलं. साहेबांनी मला विचारलं, आत किती माणसं? मी म्हटलं साठ-सत्तर. त्यांनी एका कागदावर साठ माणसं, अर्धा तास, एक समई आणि तीन व्हिडिओचे दिवे असा हिशेब करून तेवढ्या वेळात किती पाणी हवेत सुटतं ते काढलं आणि तेवढं पाणी बादलीत भरून आणून दादांच्या पायाशी ठेवलं.

"हे आता पोथ्यांवर ओता. तेवढंच की."

दादांनी बादलीला पायानं जरा बाजूला सारलं. शेवटी कार्यक्रम बाहेर मांडवात झाला. गंगाखेडचा मे, दुपार, प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर जाकीट. भाषणाच्या मध्येच पाहुणे खाली बसले ते उठेचनात. लिंबू-सरबत पाजून त्यांना गाडीत घातलं. मागे मात्र गोदामात, बाहेर डांबर वितळत असताना, एखाद्या विहिरीच्या पोटात असावा तसा गारवा होता, आणि तिथे एकही माणूस नव्हता. दादांना हे फार लागलं. चारचौघांत नाचक्की झाली होती. दोन दिवसांनी त्यांनी बैठक घेतली आणि सांगितलं की गोदामाला दोन एसी लागतील, भिंतीत जागा पाडून.

साहेब उभे राहिले. "भोकं पाडली की घर संपलं. गार केलेल्या हवेत पाणी मावत न्हाई, दादा. लाईट गेली की बाहेरची ओली हवा त्याच भोकांतून आत येणार आन गार पेट्यांवर बसणार. तुमी पोथ्यांना घाम आणायलाव."

"सगळ्या जगात एसी लावतात, साहेब. जग काय येडं हाय?"

"हौ," साहेब म्हणाले.

मग दादा माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात."

मी शिकलेली होते. साहेबांचं बरोबर आहे हेही मला माहीत होतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती, दादा समोर बसले होते, आणि खरं सांगायचं तर साहेबांचा मलाही कंटाळा आला होता. शिंकायची चोरी, चहाची चोरी. माणसाला कधी कधी बरोबर असणाऱ्या माणसाचा असा राग येतो. मी म्हटलं, "लावून तर बघू या."

साहेबांनी आपली केसाची डबी पिशवीत ठेवली आणि दुपारच्या एसटीनं परभणीला निघून गेले. एसी बसवण्याच्या कागदावर अभिरक्षक म्हणून माझी सही झाली. खाजामियाँनी भोकं पाडायला नकार दिला, म्हणून बाहेरून माणसं आणली.

जुलैत पाऊस लागला तो लागलाच. एसी गारठा सोडत होते, दादा येऊन आत उभे राहत आणि समाधानानं जात. मग वादळी पावसात कुठलेसे खांब पडले आणि आमच्या भागातली वीज गेली. ती पाच दिवस आली नाही. त्यातच मला ताप आला. सहाव्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा वास आला. ओल्या गोणपाटाचा. दिवा लावून बघितलं तर लाल बासनांवर साखर पेरल्यासारखी पांढरी बुरशी. बासनं ओलसर, पेट्यांच्या झाकणांना आतून थेंब. एका पोथीची पानं उलटायला गेले तर ती उलटलीच नाहीत. सगळी मिळून एक पान झालं होतं.

मी दादांना फोन केला. ते म्हणाले, "पंखा लावा."

मग मी परभणीला फोन केला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दुपारी ते एसटीतून उतरले ते सरळ गोदामात. दोन्ही भोकांसमोर उभे राहिले. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. मी तयारही होते, मनात उत्तरंही जुळवली होती. पण त्यांनी फक्त विचारलं, "मोठी हवेशीर जागा कुटं हाय? वर पंखे, खाली टेबलं?"

अशी जागा गंगाखेडात एकच होती. आषाढ लागलेला, लग्नं बंद, दादांचं मंगल कार्यालय रिकामं. साहेब स्वतः दादांच्या दुकानात गेले. काय बोलले माहीत नाही, पण दादा चप्पल घालायची विसरून बाहेर आले. तासाभरात पंगतीच्या लांब टेबलांवर पांढरे कागद अंथरले गेले आणि जिथे जिलेबी वाढायची तिथे एकेक पोथी उघडून मांडली गेली. दादा, गयाबाई, मी, खाजामियाँ आणि त्यांची दोन माणसं, सगळे तोंडाला फडकी बांधून मऊ कुंचल्यांनी पानं साफ करत होतो. साहेब टेबलांमधून फिरत होते, वाढप्यांवर लक्ष ठेवणाऱ्या वधूपित्यासारखे. "पंखा सरळ पानावर नको. वर. वर वळवा. दादा, जोर लावू नका, ते कापड न्हाई."

आठ-दहा दिवस हे चाललं. एसी निघाले. खाजामियाँनी ती भोकं विटा, चुना आणि मातीनं अशी बुजवली की आज दाखवायची म्हटली तर सापडणार नाहीत. सगळ्या पोथ्या वाचल्या, दोन सोडून. त्या दोन विटेसारख्या घट्ट झाल्या होत्या.

शेवटच्या दिवशी साहेबांनी नोंदवही मागितली. नष्ट झालेल्या वस्तूंचं पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. "लिही. दोन पोथ्या. कारण लिही."

मी लिहिलं, अतिवृष्टी व वीजपुरवठा खंडित.

"पाऊस दरसाली पडतो. लाईट दरसाली जाती. खरं लिही."

मी ते खोडलं आणि लिहिलं, भिंतीला पाडलेली भोकं.

"कुणाच्या सहीनं?"

दादा तिथेच उभे होते. मी माझं नाव लिहिलं. साहेबांनी पान वाचलं, शाई वाळेपर्यंत बोटानं दाबून धरलं आणि वही मिटली. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ लोक रागावले आहेत, पण न रागावता इतकं कोणी केलं नाही. ते पान अजून आहे. नवीन येणाऱ्या मदतनीसांना मी ते पहिल्या दिवशी दाखवते. त्यांना वाटतं हा माझा प्रामाणिकपणा आहे.

गोदाम त्यानंतर साहेबांनी सांगितलं होतं तसंच वागलं. हवा सुकवायचं यंत्र पावसाळ्यात मोजके दिवस चालतं, बाकी वर्षभर इमारत नुसती बसून असते. उन्हाळ्यात दादा कारण काढून आत यायला बघतात. मी त्यांना विचारते, चहा घेतलात का? ते शपथेवर नाही म्हणतात.

पुढच्या वर्षी ऐन वैशाखात मी साहेबांना भेटायला परभणीला गेले. तब्येत बरी नाही असं कळलं होतं. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. खोलीत शिरले तर अंगावर काटा आला. भिंतीवर भला मोठा एसी, जोरात चाललेला. खिडकीला पडदा. आणि पलंगावर गळ्यापर्यंत गोधडी ओढून साहेब.

मी एसीकडे बघत उभी राहिले.

"मी लावला न्हाई, हिनं लावला," ते म्हणाले. मग वर एसीकडे बघून, "पर बरं वाटतंय."

"अन् साहेब, तुमचं ते सगळं? जाड भिंती, माती, हळूहळू?"

त्यांनी गोधडीतून एक हात बाहेर काढला, रिमोट उचलला आणि गारवा आणखी एका आकड्यानं खाली आणला.

"पोरी," ते म्हणाले, "ते टिकायच्या वस्तूंसाठी असतंय. मी काय पोथी हाय का?"